पुस्तकी मराठी

निवृत्त शिक्षिका सुमतीबाईंनी डोंबिवलीच्या फिल्म क्लबसाठी एका जुन्या इटालियन सिनेमाचे संवाद मराठीत उतरवले. लाचखाऊ मंत्री, त्याच्या मुठीतलं वर्तमानपत्र आणि दडपलेला खून, अशी ती गोष्ट. लेक नीरजाने वाचून नाक मुरडलं. "आई, फारच पुस्तकी झालंय. पुढारी असं बोलतात का?" बाईंना ते चांगलंच झोंबलं. त्यांनी सगळं खोडून पुन्हा लिहिलं.

रविवारी पहिल्या रांगेत खास पाहुणे होते, स्वतःचा पेपर चालवणारे शहरातले एक पुढारी. पडद्यावर मंत्र्याने संपादकाला फोन लावला आणि खाली बाईंची अक्षरं उमटली: 'त्या मयताचं आतल्या पानावर चार ओळीत उरका. पहिल्या पानावर आमचा सत्कार घ्या. फोटो मोठा!'

पाहुणे ताडकन उठले. "बंद करा! माझं फोनवरचं बोलणं यांना दिलं कोणी?"

"साहेब, हा इटलीचा सिनेमा आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा," क्लबचा सलिल कसाबसा म्हणाला.

शेवटच्या रांगेत सुमतीबाईंनी पदर सारखा केला आणि लेकीकडे मान वळवली.

"काय गं, अजून पुस्तकी वाटतंय?"