पाचव्या सेटचा शेवटचा गेम

बाबांनी डाव्या बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडली आणि तिसऱ्यांदा बांधली. मग म्हणाले, "आज फायनल आहे. माझ्याशी फार बोलू नकोस."

मुलीने त्यांच्या हातात रॅकेट दिली. फायनल रोजच असायची. सहा महिने झाले, रोज सकाळी ती त्यांना हाताला धरून क्लबात आणायची आणि रोज बाबा पाचव्या सेटचा शेवटचा गेम खेळायचे. तेवढाच एक गेम. तो जिंकला की दिवसभर स्वारी खुशीत. दोन घास जास्त जायचे, दुपारी गाढ झोप लागायची. कालचं त्यांना आठवायचं नाही, उद्याचं विचारायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, चाललंय तसं चालू द्या.

धुकं अजून उठलं नव्हतं. कोर्टावरच्या पांढऱ्या रेघा मध्येच दिसायच्या, मध्येच विरून जायच्या. जाळीपलीकडे एक साठीचे गृहस्थ गुडघ्याला पट्टा आवळत होते. मुलगी त्यांना काका म्हणायची. बाबा त्यांना "मार्कर" अशी हाक मारायचे. सभासदांना चेंडू टाकायचे, त्यांच्याशी खेळायचं आणि बेतानं हरायचं, हे क्लबातल्या मार्करचं काम. काकांनी सहा महिन्यांत त्यात एकदाही कसूर केली नव्हती.

आज मात्र मुलगी सारखी मागे वळून बघत होती. कुंपणाबाहेर शंभरेक खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या भरायला लागल्या होत्या. कोर्टाला चॅम्पियनचं नाव द्यायचं क्लबाने ठरवलं होतं. खांबावरची नवी पाटी निळ्या कापडाने झाकलेली होती. एवढ्या माणसांतलं कुणीतरी बाबांच्या तोंडावर खरं काय ते बोलून गेलं तर? मागे एका आगाऊ सभासदाने चहा पिता पिता तो पराक्रम केला होता. त्याच्या जिभेला काही हाड? दोन दिवस बाबा बूट मांडीवर घेऊन बसून राहिले. जेवण नाही, झोप नाही. पुन्हा तसं झालं तर हा माणूस उठायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती काकांना म्हणाली होती, आजचा दिवस राहू द्या. गुडघ्याचं ऑपरेशन आठवड्यावर आलंय, आणि सगळ्या गावासमोर हरायचं म्हणजे काय.

काका हसले. "हरायची मला आता चांगली सवय झालीय, पोरी."

बाबा चेंडू आपटत बेसलाइनवर उभे राहिले आणि रोजच्यासारखे स्वतःशीच बोलायला लागले. अठराव्या वर्षी पहिला कप. मग मनगट मोडलं. दीड वर्ष पाण्यात. डॉक्टरांनी हात टेकले, तरी पहाटे पाचला या मागच्या भिंतीशी दोनशे बॅकहँड, मोजून. आणि मग सात वेळा देशाचं अजिंक्यपद. शेवटच्या फायनलला दोन सेट हातचे गेलेले, उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी, आणि तिथून गाडी जी सुटली ती थांबलीच नाही.

मुलीला हे तोंडपाठ होतं. कुठल्या वर्षी कुठल्या बोटाला फोड आला, तेसुद्धा. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ऐकताना तिला वाटायचं, आपण अर्धवट झोपेत आहोत आणि कुणीतरी लांबून गोष्ट सांगतंय. ती संपू नये असंही वाटायचं.

पहिल्या दोन सर्व्हिस जाळीत गेल्या. खुर्च्यांत कुजबुज झाली. बाबांच्या कपाळावर आठी पडली. काका फटके हळू मारत होते, पण उगाच चुकत नव्हते. बाबांची नजर अजून घारीची होती. कुणी मुद्दाम चुकतंय असं दिसलं की ते रॅकेट फेकून चालू लागायचे. गुण बरोबरीत आले. मग एक बाबांना मिळाला.

शेवटच्या चेंडूला बाबांचा पाय अडखळला. फटका कसाबसा लागला आणि चेंडू उंच, सावकाश, धुक्यातून तरंगत काकांच्या डोक्यावर आला. शेंबडं पोरही मारेल असा चेंडू. काकांचा हात आपसूक वर गेला. मुलीने डोळे मिटून घेतले.

चेंडू जाळीच्या पट्टीला लागला आणि काकांच्याच बाजूला पडला. इतकं बेमालूम चुकायलाही हात तयार असावा लागतो.

बाबांनी जाळीवरून हात पुढे केला. "चांगला खेळलास, मार्कर. अंगठा जरा खाली धर."

"धरतो, चॅम्पियन," काका म्हणाले.

मग सेक्रेटरी माईकपाशी आले. त्यांनी अठराव्या वर्षीचा कप वाचला, मोडलेलं मनगट वाचलं, सातही अजिंक्यपदं वर्षांसकट वाचली. बाबा प्रत्येकाला मान डोलावत होते, तारखा बरोबर आहेत ना ते बघत. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, आता चॅम्पियननी पुढे येऊन पाटीवरचं कापड काढावं.

बाबा उठले. मुलगी खुर्चीतून अर्धवट उठली. कुणी हसलं नाही, कुणी अडवलं नाही. बाबा ताठ मानेने खांबापर्यंत गेले आणि त्यांनी दोरी ओढली. पाटीवरचं स्वतःचं नाव त्यांनी एकदा वाचलं, त्यात नवल ते काय अशा थाटात लोकांकडे वळून हात हलवला. टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या, पण मग थांबेनात. मुलीने पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि तिला रडूच फुटलं.

सेक्रेटरी घाईघाईने काकांच्या खुर्चीपाशी येऊन वाकले. "साहेब, चॅम्पियन तुम्ही. आणि पाटीवर हे आपल्या जुन्या मार्करचं नाव कसं आलं?"

"मीच बदलून घेतलं," काका म्हणाले. "सहा महिने रोज हरतोय मी त्यांच्याकडून. मग नाव कुणाचं लागणार?"