टेकडीवरचा तित्तर

“उद्या पक्ष्यांच्या मोजणीच्या वेळी तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, आप्पा. मध्ये उठायचं नाही,” सुवर्णा म्हणाली.

हौसराव अंगणात दुर्बिणीची काच पुसत होते. “आन् लघवीला लागली तर?”

“आधी जाऊन या.”

“आमीच शिकवायचं आन् आमालाच हुकूम,” ते हसले. “बरं, म्याडम.”

हौसरावांनी एकोणीस वर्षांपूर्वी खुटबावच्या दहा पोरांच्या हाती एक जुनी दुर्बीण दिली आणि माळटिटवी पक्षीमंडळ काढलं. सुवर्णा त्या दहांतली. आता ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होती आणि मंडळाच्या नोंदवह्या सांभाळत होती. मंडळाचे सभासद शिरूरपासून दौंडपर्यंत पसरले होते. त्यांनी तित्तर धरायला माळावर लावलेली जाळी गोळा करून जाळली. नांगरटीत टिटवीची अंडी दिसली की भोवती चुन्याचं वर्तुळ आखायची सवय शेतकऱ्यांना लावली. पण मंडळाचं नाव झालं ते गायरानातल्या रंगीत तित्तरामुळे. साधा तित्तर बांधाबांधावर ओरडतो. हा दुर्मीळ. दर ऑगस्टमध्ये मोजणीच्या सकाळी तो तिथल्या टेकडीवरून हाक द्यायचा आणि वहीत नोंद व्हायची.

आता त्या गायरानावर गोदामं येणार होती. ग्रामसभेत दोन तास वाद होऊन ठरलं, की बाहेरून दोन तज्ज्ञ येतील. त्यांनी रंगीत तित्तर स्वतःच्या कानांनी ऐकला, तर गायरान राहील. नाहीतर गोदामं. अहवालावर तिसरी सही सुवर्णाची.

तिनं गेल्या अकरा वर्षांची ध्वनिमुद्रणं संगणकावर एकाखाली एक लावून पाहिली होती. अकराही वर्षं एकच आवाज. तीच लय, चौथ्या हाकेनंतर तेवढाच थांबा. रानातला तित्तर सहसा इतकी वर्षं जगत नाही. आणि अकराही वर्षं, हाक येण्याच्या जरा आधी, हौसराव तंबाखू थुंकायला बाभळीआड गेलेले असायचे.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. आप्पा शेजारी असताना हाक आली तर सही करायची. नाही आली तर नाही. कसोटी सोपी होती.

हौसरावांच्या पत्नी, सरूबाई, ज्येष्ठमधाची काडी चघळत दारात आल्या. “उद्या च्याला समदी हिकडंच या गं.”

“घसा बसलाय का काकू?”

“बसंल म्हणून आधीच चघळतीया,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सकाळी पावणेसहाला सगळे गायरानाच्या बांधावर बसले. दोघं तज्ज्ञ, मंडळाची सात माणसं, आणि गोदामांसाठी धडपडणारे सरपंच इंद्रजीत.

“आप्पा, पक्षी न्हाई आला तर तुमीच दोन अंडी घाला,” इंद्रजीत म्हणाले. “म्हंजी पुरावा हुईल.”

“घालतो की. उबवायला तू बस.”

दोघा तज्ज्ञांतल्या बाईंनाही हसू आलं. मग त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि सगळे गप्प झाले.

सुवर्णानं ध्वनिमुद्रक सुरू केला. हौसराव तिच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर. त्यांनी खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढला, तोंड पुसलं, दोनदा झटकला आणि परत खांद्यावर टाकला.

सहा वाजले. चंडोल गाऊन गेला. साधा तित्तर तीनदा ओरडला. सव्वासहा झाले. हौसरावांची नजर टेकडीवरून ढळत नव्हती. त्यांनी पुन्हा टॉवेल काढून झटकला.

“हलू नका, आप्पा,” ती कुजबुजली.

इंद्रजीतनी घड्याळ पाहिलं. दुसरे तज्ज्ञ वही मिटायला लागले.

तेव्हा हाक आली. चिक्, चीक्, केरे. कोरडी, खरखरीत, चुकण्याचं कारणच नाही. पुन्हा आली. तज्ज्ञ बाईंनी हात वर करून गायरानातल्या ओढ्याकडे बोट दाखवलं. हौसराव अजून टेकडीकडेच बघत होते. मग त्यांनी मान हळूहळू ओढ्याकडे वळवली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. सुवर्णानं ते नीट पाहिलं.

तिनं वहीत लिहिलं: ‘सहा अठरा. दिशा ओढा. नऊ हाका. आवाज चिरका, लय घाईची, मधला थांबा नाही. बहुधा नवा, तरुण नर.’

हौसरावांनी तिचं मनगट धरलं होतं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना माझा संशय कळला होता तर, असं तिच्या मनात आलं. तिनं मान खाली घातली.

जीपच्या बॉनेटवर तीन सह्या झाल्या. तिसरी सुवर्णाची, ठळक अक्षरात.

“ऐकलं बाबा, म्या बी ऐकलं,” इंद्रजीत टोपी झटकत म्हणाले. “गोदामाला दुसरीकडं जागा बघू.”

हौसराव पाहुण्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. सुवर्णा पुढे होऊन त्यांच्या घरी आली. बाकीचे यायच्या आत आप्पांची माफी मागायची होती. पण घरात चूल पेटलेली नव्हती. चहाचं पातेलं पालथंच होतं.

मागच्या कुंपणाला धरत सरूबाई आल्या. लुगड्याला कुसळं चिकटलेली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, घोटा सुजून टम्म झालेला. सुवर्णाला बघताच त्या पायरीवर खाली बसल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

“काकू, काय झालं?”

“माफी कर गं पोरी. माझ्यापायी गायरान गेलं,” त्या म्हणाल्या. “पयल्या साली तुमी पोरं हिरमुसून बसला व्हता, तवापास्नं दर साली ह्यांचा टावेल हलला का टेकडीवरनं हाक देत आले, एकदा चुकले न्हाई. आज कालव्यापाशीच पाय मुरगळला, आन् मी टेकडीवर पोचलेच न्हाई.”