वळणाचा खांब

"मीटर आहे म्हणजे माणूस आहे. आमच्या कागदात असंच धरतात, ताई," सर्व्हेवाला म्हणाला. "मीटर नाही, तर घर रिकामं. आणि रिकाम्या घरावरून लाईन नेता येते."

जेवणाच्या टेबलावर त्याने नकाशा पसरला होता. कागद उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर अप्पांच्या औषधाची बाटली ठेवली होती. उपकेंद्रापासून निघालेली पेन्सिलीची रेघ ओढ्यापर्यंत सरळ येत होती आणि या घरापाशी थांबत होती. घराच्या पलीकडे ती पुन्हा सुरू होऊन वरच्या सत्तर घरांकडे जात होती. मधला बोटभर कागद कोरा होता.

"घर चुकवा की मग," अप्पांची मुलगी म्हणाली.

"चुकवतो. दोन वळणाचे खांब वाढतील, मंजुरी नव्याने घ्यावी लागेल. फाईल उद्या वर जाते. मागे फिरली तर दोन वर्षं धरा."

आतल्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. विजेचा दाब उतरला की त्याचा आवाज खाली जाई, आणि बोलता बोलता मुलगी थांबे. पुन्हा वर आला की तिचं वाक्य पुरं होई. जोडीला ठेवलेला सिलिंडर सकाळी वीज गेली तेव्हाच संपला होता. भरून यायला संध्याकाळ होणार होती.

"आमच्याकडे बल्ब लागलाय की नाही ते बघायला मेणबत्ती घ्यावी लागते," दाराशी बसलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या. "अप्पांनाही नवी लाईन आली तर बरंच आहे ना गं?"

"तारा यायला वर्ष आहे," सर्व्हेवाला घाईने म्हणाला. "तोवर इथून कुणी कुणाला हलवणार नाही."

'तोवर' म्हणताना त्याने औषधाची बाटली उगाच जरा सरकवली.

"आणि आज मीटर काढल्यावर मशीन कशावर चालणार?" मुलीने विचारलं.

"अगं, वायर ओढू आमच्या खिडकीतून. दहा पावलं तर आहेत," काकू म्हणाल्या. "किटलीचा प्लग खिडकीलाच आहे, तो देते तुला. चहा काय, गॅसवर होईल. अप्पा आम्हाला परके आहेत का?"

"चुकून कुणी बंद केलं तर?"

"आमच्याकडे कोण करणार? मी आणि तुझे काका. ते तर टीव्हीसुद्धा मला बंद करायला सांगतात."

आतून हाक आली. "त्याला... आत पाठव."

सर्व्हेवाला नकाशा घेऊन आत गेला. खांबावर चढायला त्याला अप्पांनीच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी त्याचा पट्टा खालून त्यांनीच धरला होता. आता त्याने नकाशा त्यांच्या पांघरुणावर पसरला. अप्पांनी उपकेंद्रापासून बोट फिरवत आणलं आणि कोऱ्या जागेवर थांबवलं.

"इथे काय?"

"तुमचं घर आहे, उस्ताद. ताई म्हणतात वळण घ्या."

"वळणाचा खांब..." अप्पांनी दम घेतला. "जन्मभर एका अंगाला ओढला जातो. वादळात... पहिला तोच पडतो. चाळीस वर्षं तेच सरळ करत आलो." त्यांनी बोट उचललं नाही, तसंच पुढे नेलं. "सरळ ने."

"अप्पा, मीटर काढणार आहेत. तुमचं मशीन त्याच्यावर चालतं," मुलगी म्हणाली.

"मला शिकव." ते हसले. ते हसू त्यांना तीन श्वासांना पडलं. "काकूंकडून वायर घे. जाड घे. आणि सही... तू कर. माझा हात हलतो."

अर्ज एकाच पानाचा होता. मधे एक ओळ होती : घरात वस्ती आहे किंवा नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली, कागदाखाली अप्पांचं जुनं पंचांगाएवढं रजिस्टर घेतलं, आणि 'नाही' लिहिलं. लिहिताना तिचं कोपर त्यांच्या गुडघ्याला लागत होतं.

"अक्षर चांगलं आहे," अप्पा म्हणाले.

सर्व्हेवाल्याबरोबर आलेल्या वायरमनने काकूंच्या खिडकीतून पिवळी वायर ओढून आणली. मशीन तिच्यावर लावलं, पाच मिनिटं चालू दिलं, अप्पांकडे बघून मान हलवली. मग मीटर उतरवला. भिंतीवर चार भोकं आणि एक पांढरा चौकोन राहिला. सर्व्हेवाल्याने त्याचा मोबाईलवर फोटो काढला. मुलगी चौकटीत येत होती, म्हणून तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

"आता चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही," काकू म्हणाल्या आणि लगबगीने घरी गेल्या.

सर्व्हेवाला पुन्हा टेबलाशी बसला. पट्टी लावली, पेन काढलं, आणि दोन्ही टोकं शाईने जोडली. रेघ घराच्या चौकोनाच्या बरोबर मधून गेली. शाई वाळावी म्हणून तो तिच्यावर हळूच फुंकर घालत राहिला.

ती फुंकर सगळ्यांना ऐकू आली. घरघर थांबली होती.

मग आत मशीनची शिट्टी सुरू झाली. मुलगी खिडकीकडे धावली. समोरच्या खिडकीत काकू उभ्या होत्या. पिवळ्या वायरचा प्लग त्यांच्या हातात होता, आणि शेजारी किटली गुरगुरत होती.

"एकच मिनिट हं, सवयीने इथेच लावली बघ. पाणी झालं की लगेच जोडते," काकू हसून म्हणाल्या. "साहेबांना साखर किती, तेवढं विचार."