ही एक नको

"वहिनी, या पेटीतला प्रोसेसर कुठल्या घडणीचा आहे, काही कल्पना?" भाऊजींनी लॅपटॉप उघडता उघडता विचारलं.

"मला कॉलरची घडण विचारा, भाऊजी. प्रोसेसरची कुठून सांगू?"

ते हसले. तिनेही हसल्यासारखं केलं आणि मोबाइल शिलाई मशीनला टेकवून त्यांच्याकडे वळवला. "याचा व्हिडिओ काढून ठेवते हं. माझं डोकं म्हणजे चाळण. मागाहून सावकाश बघेन."

"ठेवा की. केस नीट करायला हवे होते मात्र."

भाऊजी तिच्या नवऱ्याचे मित्र. दोघं एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचे. नवरा गेल्यावर कंपनीतली त्याची जागा भाऊजींकडे आली होती. तो याच खोलीच्या गॅलरीतून खाली पडला, तेव्हा ती आणि पोरगी बाहेर होत्या. उडी मारली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गॅलरीच्या दाराला आता कुलूप होतं, आणि त्याच्यासमोर कापडाचे तागे रचलेले होते.

टेबलावरची करडी पेटी नवऱ्याने स्वतः जुळवलेली. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण तिच्यात साठायचं. पण त्या दिवसापासून पेटी सुरूच होत नव्हती.

"शाळेत मुली पोरीला म्हणतात, तुझ्या बाबांना तू नकोशी झाली होतीस," ती कापड सरळ करत म्हणाली. "ती मला काही विचारत नाही. नुसती जेवायची थांबते. त्या दिवशी दारातून कोण आलं, कोण गेलं, एवढं दिसलं तरी मला तिला काहीतरी सांगता येईल."

"बघू या. पण आशा फार धरू नका." भाऊजींनी पेटीवरचा क्रमांक वाचला. "हा प्रोसेसर जुन्या घडणीचा आहे. त्याच्यासाठी तयार कर्नल आता कोणी देत नाही. आपल्यालाच बांधावा लागेल."

"कर्नल म्हणजे?"

"यंत्र चालू झालं की सगळ्यात आधी जागा होतो तो. मग तो बाकीच्यांना उठवतो."

"म्हणजे घरातली आई."

"अगदी! आणि कुठल्या घरासाठी आई हवी, ते आधी सांगायचं. माझ्या लॅपटॉपची घडण वेगळी, या पेटीची वेगळी. इथे चुकलं की पुढचं सगळं फुकट."

"दुसऱ्याच्या मापाचा सदरा."

"तुम्हाला उगाच कळत नाही म्हणता!"

लॅपटॉपच्या पडद्यावर पर्यायांची लांबच लांब रांग आली; मशीनवरून तिलाही ती दिसत होती. प्रत्येकासमोर एक चौकोन. भाऊजी समजावून सांगायला लागले. एखादी वस्तू कायम ओट्यावर ठेवायची, की फळीवर ठेवून लागेल तेव्हा काढायची, की घरात आणायचीच नाही, एवढंच प्रत्येक चौकोनात सांगायचं. प्रोसेसरचं घराणं निवडलं. आकडे कुठल्या टोकाकडून वाचायचे ते निवडलं. ती मशीन चालवत ऐकत होती आणि मधूनमधून एखादा प्रश्न विचारत होती.

"तुम्ही बऱ्याच दिवसांनी आलात नाही का या खोलीत?"

"वर्ष तरी झालं असेल. तुमचा गृहप्रवेश झाला तेव्हा आलो होतो, त्यानंतर आजच. ही पेटीसुद्धा पहिल्यांदाच बघतोय."

"हो ना. ह्यांनी ती नंतर आणली."

रांग खाली सरकली. "या फाइल सिस्टिम," भाऊजी म्हणाले. "डिस्कवर माहिती मांडून ठेवायच्या पद्धती. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ज्या पद्धतीने मांडलंय ती कर्नलला येत नसेल, तर त्याला काहीच वाचता येणार नाही."

"ह्यांनी कुठली वापरली होती?"

"ते मला कसं कळणार? म्हणून सगळ्या राहू देऊ. कुठली लागेल काय सांगावं!" ते भराभर खाली गेले. तळाशी थांबले. एक चौकोन रिकामा केला. "ही एक नको. कोणी वापरत नाही हिला. उगाच ओझं."

मशीन थांबली.

"काय झालं?"

"दोरा तुटला," ती म्हणाली आणि सुई ओवायला लागली. तिला ती लवकर ओवता आली नाही.

कर्नल बांधून होईपर्यंत तिने चहा केला. भाऊजींनी कंपनीतल्या साहेबांच्या दोन नकला करून दाखवल्या. मग त्यांनी नवा कर्नल मेमरी कार्डावर घातला, कार्ड पेटीत सरकवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं धावली. पेटी जागी झाली होती. शेवटी एक ओळ तेवढी उरली.

"डिस्क वाचता येत नाहीये, वहिनी." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आपण जमेल ते सगळं केलं. आता हे मनातून काढून टाका. पोरीकडे बघा."

"तिच्याकडेच बघतेय, भाऊजी."

तिने शिलाई मशीनच्या खणातून पेचकस काढला आणि पेटीचं झाकण उघडलं. आत डिस्कची जागा रिकामी होती.

भाऊजींनी चष्मा पुन्हा लावला.

"डिस्क केव्हाच निकामी झाली. दुकानांतून फिरवली, कोणालाच तिच्यातून काही काढता आलं नाही." तिने मोबाइल हातात घेतला. त्यावरचा लाल ठिपका अजून लुकलुकत होता. "त्या दिवशी सकाळी हे चहा घेताना म्हणाले, डिस्क पुसून आजपासून नव्या पद्धतीने मांडतोय. नावही सांगितलं. ते मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. एवढ्या रांगेतून तुम्ही नेमकी तीच बंद केलीत. त्या दिवशी इथे न आलेल्या माणसाला ती कशी कळली?"