सुभेदारांचा इंग्रजी सिनेमा

"हा टोपीवाला साहेब म्हंजी हेर पकडणारा," रंगनाथ सुभेदारांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "लढाई चालू हाय. मेजवानीला आलेल्या चौघांतला एक जन जर्मनांचा माणूस हाय. कोन, ते ह्यानं हुडकायचं."

केबलवर जुना, काळापांढरा इंग्रजी सिनेमा लागला होता. भिंगारच्या त्या घरात इंग्रजी सिनेमा नुसता बघायची रीत नव्हती. फौजेतून रिटायर झालेले सुभेदार तो सगळ्यांना मराठीत सांगत, निम्मा पदरचा घालून. त्यांची बायको विजयमाला शेंगा फोडत ऐकत होती. शेजारच्या भागिरथीबाईंना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या फोनजवळ बसायला आल्या होत्या. कारगिलात लढाई पेटली होती, त्यांचा मुलगा भीमराज तिकडंच होता, आणि पलटणीत त्याने सुभेदारांचाच नंबर देऊन ठेवला होता. आळीत फोन तेवढा एकच.

फोन वाजला. सुभेदारांनी बसल्या जागी हात लांबवून उचलला. मग ते उठून उभे राहिले आणि ऐकत राहिले.

पलीकडून छावणीतले साहेब बोलत होते. गोळ्या लागून भीमराज पहाटेच गेला होता. साहेब स्वतः गाडी घेऊन निघत होते. ते पोचेपर्यंत आईला काही कळू द्यायचं नव्हतं.

"कुनाचा वो?" विजयमालाने विचारलं.

"राँग नंबर."

सुभेदारांनी उभ्या जन्मात पुष्कळ हुकूम पाळले होते, पण असला वाईट एकही नव्हता. पोरगं त्यांच्या अंगणात खेळून मोठं झालेलं. त्यांनी तोंड टीव्हीकडे केलं. टोपीवाला साहेब एकेका पाहुण्याची सिगारेट पेटवून देत होता आणि हसत हसत त्यांचे हात न्याहाळत होता.

"आता त्यो... समद्यांना चहा पाजतोय," सुभेदार म्हणाले.

विजयमालाचे हात शेंगांवरच थांबले. भागिरथीबाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या सुभेदारांकडे बघत होत्या.

"फुडं काय हुतं, भाऊ?"

"फुडं... समदं बेस हुतं."

आवाज फाटला तसे सुभेदार उगाच खोकले. गल्लीच्या तोंडाशी जीपची घरघर ऐकू आली. त्यांनी दाराकडे मान वळवली नाही. सिनेमात कुणीतरी इंग्रजीत भराभर बोलत होतं, आणि ते मराठीत सांगायला आता कुणी नव्हतं.

जीप घरापुढे येऊन थांबली. भागिरथीबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"राँग नंबर लागला की तुमी शिवी हासडून आपटता, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "आज उभं ऱ्हाऊन ऐकलंत."