शम्सा आत्याचा विसरभोळेपणा

लग्नाआधीच्या रक्ततपासणीत जुवैना आणि तिचा आतेभाऊ अझ्झान, दोघांच्याही एकाच जनुकात खोट निघाली. पेशींमधल्या इवल्या पिशव्या एकमेकींत मिसळवणारं प्रथिन त्या जनुकातून बनतं. ते बिघडलं म्हणूनच जुवैनाचा पाठचा भाऊ तान्हेपणी तापाने गेला होता. आता तोच धोका या दोघांच्या मुलांना होता. पण खरं सांगितलं, तर धाकट्या बहिणींना मागणी कोण घालणार? रडतरडत तिने हे एकट्या शम्सा आत्याला, अझ्झानच्या आईला, सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ओमानमधल्या निझ्वा गावातल्या घरी थोरामोठ्यांत कहवा आणि हलवा फिरला. तारीख ठरणार, इतक्यात आत्याने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! हिची आई आजारी होती तेव्हा हिला मीच अंगावर पाजलंय की! ही तर अझ्झानची दूधबहीण. एकाच आईचं दूध प्यायलेल्यांचं लग्न आपल्या धर्मात कसं लागेल?"

जुवैनाची आई आता हयात नव्हती, विचारणार कोणाला?

"आत्ता आठवलं होय तुला?" मोठे काका कडाडले. "डोकं आहे की खोकं?"

"वय झालं रे दादा," म्हणत आत्याने सगळ्यांची बोलणी निमूट ऐकून घेतली.

मंडळी पांगल्यावर जुवैनाने तिच्या माथ्यावर ओठ टेकले. "आत्या, तुझे उपकार..."

"आत्या काय म्हणतेस?" शम्साने तिला दटावलं. "जन्मभर निभवायचंय हे. आजपासून आई म्हण."