साखळीतली जागा

दुबईतल्या आमच्या कबड्डी संघाला येत्या मोसमासाठी चढाईपटू हवा होता. बचावफळी भरलेली होती. अल क्वोज भागातल्या एका गोदामात निवड चाचणी लावली, तिथं बांधकामाच्या साईटवर शटरिंगचं काम करणाऱ्या भिवानं एकाच चढाईत आमचे तिघे बाद केले. मी तिथंच ठरवलं, हाच.

"मला चढाईला नको, साहेब. मागं कोपऱ्यात घ्या."

"कोपऱ्याची जागा खलास. चढाई कर, उद्या करार करतो. साईट सुटेल, राहायला स्वतंत्र खोली मिळेल."

खोलीचं ऐकून त्याचा चेहरा उलट उतरलाच. मॅटवर आमचे बचावपटू एकमेकांचे हात धरून साखळीत उभे होते, त्यांच्याकडे बघत राहिला.

"मग सरावापुरता तरी साखळीत उभा करा."

मी वैतागलो. "अरे, एवढा दम आहे अंगात, मग मागं काय लपतोस?"

"चढाईला एकट्यानं जावं लागतं, साहेब. साखळीत शेजारचा हात धरतो." त्यानं तळवे पॅन्टला पुसले. "इकडं येताना विमानतळावर माझ्या पोरीनं हात सोडला, त्यानंतर कुणी धरलेला नाही."